ओव्हर आणि वावर

आमच्या गल्लीतले आप्पा कोथिंबीर घेतानासुद्धा 'ओव्हर' म्हणायचे. "जुडी कशी दिली? ओव्हर." एवढं बोलून जे तोंड मिटायचे, ते भाजीवाली बोलेपर्यंत उघडायचे नाहीत. नवीन भाजीवाली असली तर बावरून जायची. हा उंच, मिशीवाला म्हातारा आपल्याकडे टक लावून का बघतोय, तिला कळायचं नाही. शिरूरच्या बाजारातल्या जुन्या बायका मात्र तयार झाल्या होत्या. "पाच रुपये, ओव्हर," म्हणायच्या आणि एकमेकींना कोपर मारायच्या. आप्पांना त्यात थट्टा दिसायचीच नाही. उलट घरी येऊन सांगायचे, "बाई शिस्तीची हाय."

आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मूळचे ते खुटबावचे, तिथं थोडं शेतही होतं. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली आणि आप्पा पलटणीत गेले. तिथं ते बिनतारी यंत्रावर होते. त्या यंत्रावर म्हणे एका वेळी एकालाच बोलता येतं. आपलं झालं की 'ओव्हर' म्हणायचं, म्हणजे आता पलीकडच्याची पाळी. हवालदार होऊन ते निवृत्त झाले आणि शिरूरला घर बांधलं. यंत्र सरकारला परत केलं, ओव्हर तेवढं घरी घेऊन आले.

"वाढलंय जेवायला," अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, आतून हाक द्यायच्या. आप्पा थांबून राहायचे. अक्कांनी जन्मात कधी ओव्हर म्हटलं नाही. शेवटी आमटी निवायला लागली की आप्पाच त्यांच्या वतीनं हळूच "ओव्हर" म्हणायचे आणि पाटावर बसायचे.

हे सगळं लांबून बघायला मजा यायची. मग आमच्याकडे फोन आला. गल्लीतला पहिला. मी शाळेत शिकवायचे, एक रविवार काय तो माझा, आणि नेमके रविवारी सकाळी आप्पा धुतलेला सदरा घालून आमच्या बैठकीत हजर. फोनवर मी हौसेनं विणलेला रुमाल टाकला होता. तो ते आधी घडी करून बाजूला ठेवायचे. आवाज दाबतो म्हणे.

त्यांना सगळ्यांच्या पोचल्याची खबर लागायची. "गेलेला माणूस पोचलो म्हणेस्तवर वाटंतच असतो, बाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलगा सुरेश रांजणगावच्या कंपनीत लागला होता. रांजणगाव ते काय, इथं शिंकलं तर तिथं ऐकू जाईल. पण त्यानं रोज गेटवरून आमच्याकडे फोन करून "पोचलो, ओव्हर" म्हणायचं, आणि मी हातातली पोळी टाकून शेजारी जाऊन ते सांगायचं. आमचे हे एकदा पुण्याला गेले आणि रात्री मावशीकडेच राहिले. मला काही वाटलं नव्हतं. पण आप्पा सारखे दारात येऊन "आली का खबर?" विचारायला लागले, तशी मलाही धडधड सुरू झाली. असा हा माणूस. स्वतःला घोर आणि शेजाऱ्यालाही घोर.

त्यांची लेक सुनंदा दौंडला दिली होती. दर रविवारी तिचा फोन यायचा, पण आधी विहीणबाई आपल्या व्याह्यांशी बोलायच्या, रीत म्हणून. "इवाई, बरं हाय ना?" मग आप्पा, "आमचं बरं हाय. सुनंदा कशी हाय? ओव्हर. येवस्थित जेवती का? ओव्हर." विहीणबाई एका कानानं जरा कमी ऐकायच्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

सुनंदाला दिवस गेले आणि विहीणबाई स्वतः पेढे घेऊन शिरूरला आल्या. आप्पांनी मलाही बोलावलं, शिकलेलं माणूस जवळ असावं म्हणून. पोहे झाले, चहा आला. विहीणबाईंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "इवाई, मग कवा करायचं वावराचं?"

"कुठलं वावर?" आप्पा म्हणाले आणि सवयीनं पुढं, "ओव्हर."

"ह्येच की. आमच्या मनात काय बी नव्हतं. पर दर फोनला तुम्हीच म्हणताय. सुनंदा कशी हाय, वावर. जेवती का, वावर. म्हणलं, माणसाला खुटबावचं वावर लेकीच्या नावावर करायचं दिसतंय, आन् तोंडानं सांगाया लाजतोय."

सुरेशला पोह्याचा ठसका लागला. मी पदर तोंडाशी धरला. अक्का उठून आत गेल्या, आतून भांडं पडल्याचा आवाज आला. हसले नाहीत ते फक्त आप्पा. दोन कपबश्या समोरासमोर ठेवून, ही एक चौकी, ही दुसरी चौकी, असं त्यांनी विहीणबाईंना सगळं समजावून सांगितलं. जसजसं समजत गेलं तसतसा विहीणबाईंचा चेहरा उतरत गेला. चारचौघांत लोभी ठरल्या होत्या, वर हसंही झालं होतं. "आम्ही काय मागाया न्हवतो आलो," म्हणून त्या उठल्या. चहा तसाच राहिला.

त्या दिवसापासून दौंडचा फोन बंद.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सातव्या महिन्यात सुरेश बहिणीला आणायला गेला आणि हात हलवत परत आला. "दवाखाना इथं बी हाय," एवढाच निरोप. मी आप्पांना म्हटलं, तुम्ही करा ना फोन. "नको बाई," ते म्हणाले. "माझ्या तोंडून परत त्येच निघायचं. बोलणी पोरीला बसत्यात." तरी त्यांनी सवय मोडायचा प्रयत्न केला. बोलून झालं की ओठ दाबून धरायचे, मानेच्या शिरा टरटरून फुगायच्या. बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याला काहीतरी होतंय. संध्याकाळपर्यंत टिकले, मग दूधवाल्यापुढे सुटलंच.

नववा लागला तसे ते रोज यायला लागले. मी शाळेतून येऊन कुलूप काढते तोवर मागे उभे. रुमाल काढायचे, घडी करायचे, बसायचे. फोन वाजला की ताडकन उठायचे. राँग नंबर निघाला की पुन्हा बसायचे. चहा दिला तरी तो गार व्हायचा. त्यांच्या त्या बसण्यानं मला घरात चालतासुद्धा येईना. एकदा मी अक्कांबरोबर गवार मोडत बसले होते, न राहवून बोलले, "आप्पा जरा अतीच करतात हो. बायका काय बाळंत होत नाहीत?"

अक्कांनी मोडलेली गवार ताटात सारली. "आमचं पयलं पोरगं दोनच दिस राह्यलं," त्या म्हणाल्या. "ह्ये तवा तिकडं बर्फात. मामंजींनी तार केली. फिरत फिरत ती ह्यांच्याच यंत्रावर आली, ड्युटी ह्यांचीच. आधी नाव येतं म्हणं. नाव सोताचंच. मग काय झालंय त्ये एकेक अक्षर येईल तसं लिवून घ्यायचं. मधी उठता येत न्हाई. आन् समदं लिवून झाल्यावर, मिळालं म्हणून पलीकडं कळवायचं."

"मग?"

"कळवलं की ह्यांनी."

घरी येऊन मी तो विणलेला रुमाल कपाटात टाकला, तो पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाताना घराची किल्लीच आप्पांकडे देऊ लागले.

त्या आठवड्यात एका दुपारी शाळेतून आले तर आप्पा खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले. मी चपला काढतेय तोवर फोन वाजला. ते उठले, पण हात पुढे होईना. मलाच मानेनं खुणावलं. मी उचलला.

"इवाई हायेत का तिथं?" विहीणबाईंचा आवाज. बाकी काही नाही. आवाजावरून काही कळेना, बरं का वाईट. मी फोन आप्पांच्या हातात दिला. ते टाचा जुळवून ताठ उभे राहिले, आता काहीही लिहून घ्यायला तयार असल्यासारखे.

कमी ऐकणारी माणसं मोठ्यानं बोलतात. मला खोलीभर ऐकू येत होतं.

"इवाई, ऐका. नात झाली. सुनंदा बरी हाय, पोरगी बी बरी हाय. दोघी निजल्यात." मग विहीणबाई पहिलीतली पोर पाठ केलेलं म्हणते तसं जपून म्हणाल्या, "वावर."

आप्पांनी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. मिशी तेवढी थरथरत होती आणि डोळ्यांतलं पाणी तिच्यात जिरत होतं. कुणी बोलायची पाळी दिली आणि आप्पांनी उत्तर दिलं नाही, असं मी पहिल्यांदा बघत होते. मलाही रडू आलं, लपवण्यात काय अर्थ आहे.

"इवाई?" पलीकडून आवाज चढला. "वावर म्हणलं मी. बोला की आता. वावर."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"पोचलं, मावशी," मी म्हटलं. "आप्पांना पोचलं. वावर."