टाकीतला कावळा आणि उजळणी पंधरवडा

ज्या समाजाला कुठे थांबायचं हे कळत नाही, त्या समाजाचं काही खरं नाही. हे मी म्हणत नाही, परिपत्रकात म्हटलंय. त्याच परिपत्रकानुसार आमच्या शाळेत (रिठदहून वाशीमकडे जाताना उजव्या हाताला, पाटी पडली आहे, शाळा उभी आहे) जानेवारीत 'मूलभूत इंग्रजी व्याकरण व विरामचिन्हे उजळणी पंधरवडा' साजरा झाला. नोडल शिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली. निवड निव्वळ गुणवत्तेवर झाली. त्या दिवशी बाकीचे तिघे रजेवर होते.

शाळेबाहेरच्या लोकांना पंधरवडा म्हणजे काय ते सांगावं लागेल. आमच्याकडे जे करायचं ते त्या त्या पंधरवड्यातच करतात. झाडं लावायची ती झाडांच्या पंधरवड्यात, हात धुवायचे ते हातांच्या, आणि नखं कापायची ती नखांच्या. वर्षात पंधरवडे बसतात चोवीस. आम्ही गेल्या वर्षी एकतीस साजरे केले. यावरून आमच्या कामाचा झपाटा लक्षात यावा.

आमच्या पंधरवड्याच्या आदल्याच दिवशी स्वच्छता पंधरवडा संपला होता. त्यात गच्चीवरची पिण्याच्या पाण्याची टाकी 'पूर्णतः स्वच्छ' असल्याचा दाखला निघाला. टाकीशेजारी ब्रश घेऊन उभे असलेले मुख्याध्यापक, असा फोटोही वर गेला. दाखल्यावर विस्तार अधिकारी रामसिंग साहेबांची सही आहे. (फोटोत ब्रश कोरडा दिसतो. पाणीबचतीचा पंधरवडा त्यातच उरकला होता.)

आता उजळणीचे नियम. वरून चोवीस आदर्श वाक्यांची यादी आली होती, त्यातली अकरा आंब्याबद्दल होती. गुणांची विभागणी अशी: पहिलं अक्षर मोठं, एक गुण. शेवटी पूर्णविराम, एक गुण. मधली चिन्हं, दोन गुण. टापटीप, एक गुण. अर्थ हा रकाना तक्त्यात नाही. मी चौकशी केली, तेव्हा तो पुढच्या वर्षी प्रस्तावित असल्याचं समजलं. शिवाय, पंधरवडाभर शाळेच्या आवारात सर्वांनी इंग्रजीतच बोलावं, असाही एक नियम होता. तो मात्र मी फार काटेकोरपणे पाळून घेतला, कारण त्यामुळे शाळेत इतकी शांतता पसरली की विचारू नका.

पहिल्याच दिवशी या शांततेचा भंग झाला. सातवीतली योगिनी धापा टाकत आली. ही गच्चीवर गेलेला चेंडू आणायला चढली होती.

"सर, टाकीचं झाकन उडून गेलं. आतमंदी कावळा मरून पडला हाये!"

मी शांतपणे म्हणालो, "इन इंग्लिश."

"सर, पोट्टे तेच पानी पिऊन राह्यले. आमच्या संस्कृतीचं पोट दुखून राह्यलं सकाळपासून!"

संस्कृती म्हणजे हिची धाकटी बहीण, दुसरीत. गोड पोरगी आहे. पण नियम तो नियम. मी पुन्हा म्हणालो, "इन इंग्लिश, योगिनी." ती शब्दकोश मागून घेऊन गेली. पंधरवड्याच्या पहिल्या दिवशी शब्दकोश मागणारी ती जिल्ह्यातली पहिली विद्यार्थिनी असावी. (दुसरी कोण, याची माहिती मागवली आहे.)

दुसऱ्या दिवशी तिने वही पुढे केली. 'देअर इज डेड क्रो इन वॉटर टँक.' मी लाल पेन काढला. पहिलं अक्षर लहान होतं, ते मोठं केलं. पूर्णविराम नव्हता, तो दिला. 'डेड क्रो'च्या आधी 'अ' आणि 'वॉटर टँक'च्या आधी 'द' घातलं. शेवटी लिहिलं: प्रयत्न चांगला, अधिक सराव हवा.

तिने अधिक सराव केला. तेच वाक्य दहा वेळा लिहून आणलं, एकही चूक नाही! मी तिच्या वहीवर तारा काढला आणि तिला वर्गापुढे उभं करून ते मोठ्याने वाचायला लावलं. सगळ्या वर्गाने मागून म्हटलं. वीसएक पोरं एका सुरात इंग्रजी वाक्य म्हणताना ऐकून माझे डोळे भरून आले. मग मधली सुट्टी झाली आणि पोरं नळाकडे पळाली

चौथ्या दिवशी शेषराव आले, योगिनीचे वडील. माणूस सरळ, पण आवाज मोठा.

"मास्तर, लहानी पोरगी तीन दिवसांपासून ओकून राह्यली. एकडाव वर चढून टाकी तं पाहा! काहून पाहात नाही तुमी?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि वस्तुस्थिती समजावून सांगितली. टाकी स्वच्छ असल्याचा दाखला आहे. टाकी पुन्हा पाहायची तर दाखला खोटा ठरतो. दाखल्यावर साहेबांची सही आहे, म्हणजे साहेब खोटे ठरतात. आणि साहेब खोटे असूच शकत नाहीत, अशी सेवाशर्तच आहे. सबब टाकीत कावळा नाही. असलाच, तर तो जूनमधल्या स्वच्छता पंधरवड्यात निघेल. मग ते स्वतः चढून काढतो म्हणाले, तर गच्चीचं दार आम्ही त्याच सकाळी कुलूप लावून बंद केलं होतं. मुलं चेंडू आणायला चढतात, हे सुरक्षेच्या दृष्टीने बरं नव्हे. शेषराव उठले आणि जाताना खुर्ची जरा जोरात सरकवली. (खुर्चीचा पाय निघाला. जडवस्तू नोंदवहीत नोंद घेतली आहे.)

योगिनीची प्रगती मात्र थक्क करणारी होती. प्रश्नचिन्हाच्या दिवशी सगळ्यांनी 'इज धिस अ मँगो?' लिहिलं. हिने लिहिलं, 'व्हाय डज नोबडी क्लीन द टँक?' प्रश्नचिन्ह इतकं डौलदार की मी ते मुख्याध्यापकांना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, वा! उद्गारचिन्हाच्या दिवशी तिने लिहिलं, 'प्लीज डोन्ट ड्रिंक द वॉटर!' पाचपैकी पाच. आणि स्वल्पविराम तर ऐकाच. स्वल्पविराम यादीत वापरतात, हे मुलांना काही केल्या समजत नव्हतं. योगिनीने उठून फळ्यावर लिहिलं, 'संस्कृती, अनुप, साक्षी, राजू अँड जयेश आर सिक.' एका क्षणात सगळ्या वर्गाला स्वल्पविराम समजला. अठरा वर्षांच्या नोकरीत एकाच विषयावर अख्खा अभ्यासक्रम पूर्ण करणारी विद्यार्थिनी मी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या यादीत आणखी नऊ नावं भरली, म्हणजे स्वल्पविरामांचाही भरपूर सराव झाला.

हजेरी थोडी घटली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पटावर त्र्याऐंशी, नवव्या दिवशी हजर एकोणपन्नास. अहवालात मी 'चौतीस विद्यार्थ्यांनी घरी राहून उजळणी केली' असं लिहिलं. खोटं काय त्यात? घरी राहिली एवढं तर नक्की.

रंगूबाई आमच्याकडे खिचडी शिजवतात. त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून खिचडीला हापशाचं पाणी आणायला सुरुवात केली होती, तेही न सांगता. मी त्यांना खडसावलं. टाकी असताना हापसा वापरणं म्हणजे दाखल्यावर अविश्वास दाखवणं. त्या म्हणाल्या, "सर, तुमी लिवा काय लिवाचं ते. मी पोट्ट्याईले मराले नाही देत." त्यांना इंग्रजी येत नसल्यामुळे नियमभंगाची नोंद केली नाही.

समारोपाला रामसिंग साहेब स्वतः आले. गाडीतून उतरताच चहा मागितला. मी रंगूबाईंना हळूच म्हटलं, साहेबांच्या चहाला आज हापशाचंच पाणी घ्या. माझा अविश्वास नव्हता, निव्वळ आदरातिथ्य होतं. रंगूबाई म्हणाल्या, "काहून? साहेबाईले टाकीचंच पानी. त्याईनंच तं टाकी साफ हाये म्हून लिवून देलं." या युक्तिवादात मला एकही चूक काढता आली नाही. साहेबांनी दोन कप घेतले आणि चहाला वेगळीच चव असल्याचं म्हणाले. मी घसा बसल्याचं सांगून घेतला नाही.

मग योगिनी मंचावर आली. तिने सगळी वाक्यं ओळीने म्हटली: कावळा आहे, टाकी कुणी साफ का करत नाही, कृपा करून पाणी पिऊ नका, ही एवढी मुलं आजारी आहेत. सगळं इंग्रजीत, प्रत्येक विरामाला योग्य तेवढं थांबून. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फाटला, कारण संस्कृतीला त्याच सकाळी वाशीमला नेऊन सलाइन लावलं होतं. साहेब टाळ्या वाजवत उठले. "भावना! उद्गारचिन्हात ही भावना यायला पाहिजे!" आणि त्यांनी तिला पहिलं बक्षीस दिलं, पाण्याची स्टीलची बाटली. मुख्याध्यापकांनी ती आधीच नळाखाली धरून भरून ठेवली होती.

योगिनीने बाटलीचं झाकण काढलं आणि सगळ्यांसमोर मंचाच्या कडेला ती रिकामी केली. मग माझ्याकडे वळली. पंधरवडा संपायला अजून दोन तास होते, तरी मराठीतच बोलली.

"सर, तुमी माही वही वाचली का पन?"

मी म्हटलं, "अगं, वाचली म्हणजे काय! तीन-तीनदा तपासली."

साहेब तेव्हापासून वैद्यकीय रजेवर आहेत. मी हाच अहवाल, आता वाचलात तो, तीन कार्यालयांना पाठवला. एकाने कळवलं की फोटो आडवे हवेत. दुसऱ्याने दोन स्वल्पविराम जास्त काढले. तिसऱ्याने अभिनंदन करून योगिनीला जिल्हास्तरीय स्पर्धेसाठी पाठवायला सांगितलं, विषय: आंबा.

तुमच्यासारख्या सुजाण वाचकांची नजर किती तयार आहे, तेही पाहावं म्हटलं. म्हणून वर एका परिच्छेदाच्या शेवटी मी पूर्णविराम मुद्दाम दिलेला नाही. शोधा पाहू.

सापडला? शाब्बास. पाचपैकी पाच. संस्कृती आता कशी आहे, हे विचारायचं तेवढं तुमचंही राहून गेलं.