बकरी कोणत्या वयोगटासाठी?

बेडशाच्या डोंगरामागच्या एका वाडीतल्या शाळेत बुधवारी दुपारी दोन वाजता कार्टून दाखवण्याचा कार्यक्रम होता आणि त्याची संपूर्ण जबाबदारी विस्तार अधिकारी अमृतराव गराडे यांच्यावर होती. अमृतरावांचं वय बावन्न, मुक्काम लोणावळा आणि स्वभाव नियमाचा. 'सर्वांसाठी कार्टून' या योजनेच्या मार्गदर्शक सूचना त्यांनी स्वतः तीन रविवार खर्चून लिहिल्या होत्या. प्रत्येक वयोगटाला वेगळा चित्रपट दाखवावा, गटांची सरमिसळ करू नये, 'कारण मिश्र हास्याचे वर्गीकरण करता येत नाही', हे वाक्य त्यांचंच. ते सुचलं त्या दिवशी त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं होतं.

शाळेच्या शिक्षिका निर्मलाबाईंनी खिडक्यांना खताची पोती लावून खोलीत अंधार केला होता. चाळीसेक माणसं जमली होती. पठारावरच्या ठाकरवाडीतून भागुबाई नातीचं बोट धरून दीड तास उतरून आली होती. बकरीचं कार्टून आहे एवढंच तिला कळलं होतं आणि तिच्या घरी सात बकऱ्या होत्या.

"मावशी, बकरी सहा ते चौदा वयोगटासाठी आहे," अमृतराव म्हणाले. "साठीच्या पुढच्यांना 'गुडघ्यांची निगा'. तुमचं आधार कार्ड बघू. हं, छप्पन. म्हणजे तुम्ही गुडघ्यांतही बसत नाही. तुम्हाला 'हात धुण्याच्या सात पायऱ्या'."

"छप्पन? आवो, पन्नाशीला तर माजा लेक आलाय!"

"कार्डावर छप्पन आहे."

"बरं, ऱ्हाऊ द्या. पर हात धुवाया वाडीवर पानी कुटं हाय? पानी दावा की आदी, मंग पायऱ्या दावा."

पाणी दुसऱ्या खात्याकडे असल्याचं अमृतरावांनी समजावून सांगितलं आणि मुलांना आत घेतलं. मोठी माणसं बाहेर गेली. भिंतीवर उजेड पडला, मुलांनी श्वास रोखला आणि पहिलीच पाटी आली : 'सर्व वयोगटांसाठी'.

अमृतरावांनी तत्काळ यंत्र बंद केलं आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, चित्रपट सर्वांसाठी निघाला."

"प्रपत्रात 'सर्व' असा रकाना आहे का?"

"नाही साहेब."

"रकाने कुणी केले?"

"मीच, साहेब."

"मग आता तुम्हीच परीक्षण करा आणि वयोगट ठरवून टाका."

परीक्षणाच्या वेळी खोलीत लाभार्थी असू नयेत, ही सूचनाही अमृतरावांनीच लिहिली होती. मुलं बाहेर गेली. निर्मलाबाईसुद्धा, कारण चाळीस वर्षांच्या त्याही लाभार्थीच ठरत होत्या. दाराला कडी लावून अमृतराव एकटे बाकावर बसले.

चित्रपट सात मिनिटांचा, जुना, काळा-पांढरा, बिनबोलाचा. एक टापटीप कारकून कागदावर शिक्का मारतो, बकरी तो कागद खाते. तो दुसरा करतो, बकरी तोही खाते. मग शाईची उशी, मग कारकुनाची टोपी. शेवटी कारकून चिडून शिक्का बकरीच्या कपाळावरच मारतो. बकरी मंजूर होते, खुर्चीत जाऊन बसते आणि बाहेरची रांग भराभर पुढे सरकू लागते.

अमृतराव आधी नाकातल्या नाकात हसले. टोपीच्या वेळी मोठ्याने हसले. बकरी खुर्चीत बसली तेव्हा ते पोट धरून बाकावरून खाली आले, चष्मा शोधत उठले आणि पुन्हा खाली बसले. असं हसणं आपल्या अंगात शिल्लक आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की आणखी कुणीतरी हसतंय. खिडकीच्या पोत्याचं टोक वर झालं होतं आणि तिथे डोळेच डोळे होते.

"मावशी, काय बघताय?"

"चित्र न्हाई दिसत हितनं," भागुबाई डोळे पुसत म्हणाली. "पर तुमी लय झ्याक दिसताय. पडा की परत!"

अमृतरावांचे कान तापले. त्यांनी दार उघडलं. निर्मलाबाई समोरच होत्या. "सर, मुलांना घेऊ आत?"

आणि खरं सांगायचं तर अमृतरावांना तेच हवं होतं. 'या रे सगळे' हे तीन शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले होते. पण हातात प्रपत्र होतं आणि त्यात विचारलं होतं : 'चित्रपट पाहून प्रत्यक्ष हसलेल्या व्यक्तीचे वय'. खोटी माहिती त्यांनी जन्मात भरली नव्हती. त्यांनी लिहिलं : बावन्न.

"म्हणजे हा फक्त बावन्न वर्षांच्यांसाठी? सर, मुलंही हसतील."

"पुरावा नाही, बाई."

"दाखवल्याशिवाय कशी हसतील?"

"हसल्याशिवाय दाखवायचं कसं?"

मुलांना हात धुण्याच्या सात पायऱ्या दाखवण्यात आल्या. भागुबाई निघताना जीपपाशी आली. "भाऊ, आता कदी येनार? नातीला तुमी लय आवडला." घाटाच्या वळणापर्यंत अमृतराव गालातल्या गालात हसत होते. मग बकरी न बघताच परतलेली ती पोरगी आठवली आणि हसू गेलं. त्या रात्री त्यांनी बायकोला काहीच वाचून दाखवलं नाही.

अहवाल मात्र फार गाजला. पहिल्यांदाच एखाद्या योजनेचा नेमका लाभार्थी सापडला होता. महिन्याभरात खंडाळ्याच्या एका हॉटेलात बावन्न वर्षांच्या चाळीस अधिकाऱ्यांसाठी दोन दिवसांचं हास्य प्रशिक्षण ठरलं. पहिल्या रांगेत साहेब. बकरीने कागद खाल्ला, टोपी खाल्ली, खुर्ची बळकावली. हूं की चूं नाही. दिवे लागले तेव्हा साहेब मागे वळून म्हणाले, "गराडे, यात हसण्यासारखं काय आहे?"

अमृतराव उठून उभे राहिले. "काही नाही, साहेब."

तेवढ्यात साहेबांना काहीतरी आठवलं आणि ते एकदम खो खो हसले. म्हणाले, बकरी अगदी आमच्या सासऱ्यांसारखी आहे. त्याबरोबर चाळीसच्या चाळीस माणसं हसली, काही तर डोळे पुसू लागली, आणि सर्वांत मोठ्याने अमृतराव हसले.

वाचकहो, तुम्हीही मोकळेपणाने हसा, कुणाची बंदी नाही. फक्त आधी शेजारी कोण बसलंय ते एकदा बघून घ्या.

बघितलंत? वाटलंच होतं.