डोमाजी कारण शोधतो

आमच्या घरासमोरच्या धानगिरणीत डोमाजी इंजिनवाला कोंबड्यांची परीक्षा घ्यायचा. मी सिंदेवाहीच्या शाळेत मास्तर. पण एवढी तयारी मी वार्षिक परीक्षेचीही कधी केली नाही.

इंजिन सुरू झालं की गल्लीतल्या कोंबड्या कणी खायला धावत. डोमाजीला प्रश्न पडला, या धावतात कशाला? आवाजाला, धुराला, की आपल्याला? म्हणून एक दिवस तो नुसताच गिरणीत जाऊन बसला. एक दिवस ओलं गवत पेटवून धूर केला. कोणी आलं नाही. मग धान न टाकता रिकामं इंजिन चालवलं. तीन दिवस कोंबड्या धावत आल्या; चौथ्या दिवशी एकीनंही मान वर केली नाही.

"शिकल्या जी, मास्तर!" तो हरखून म्हणाला. "एका टायमाले एकच गोष्ट बदलाची. मंग कारन सापडते."

"आणि इंजिन? ते शिकतं का?"

"त्याले काय शिकाचं राह्यते? तेल भेटलं का चालते."

गिरणीमालक भगवंतराव रोज इंजिनाला उदबत्ती ओवाळत. त्याशिवाय ते चालू होत नाही, अशी त्यांची ठाम समजूत. ते आठ दिवस गावाला गेले तेव्हा डोमाजीनं बिनउदबत्तीचं बिनघोर चालवलं. मालक परतले, त्यांनी उदबत्ती ओवाळली आणि नेमकं त्याच दिवशी इंजिन बसलं. तेलात पाणी निघालं.

"पाह्य, आठ दिवसाचा राग काढला त्यानं!" मालक म्हणाले.

"यायच्यापरीस कोंबड्या बऱ्या," डोमाजी मालकांकडे पाहत माझ्या कानाशी पुटपुटला.

अमावस्येला इंजिन लावणं अशुभ, म्हणून आमच्याकडे गिरणी बंद. एका अमावस्येला शाळेला सुट्टी म्हणून मी घरी होतो, तर भर दुपारी इंजिनाचा आवाज आला, म्हणून गेलो. धान नाही, गिऱ्हाईक नाही. डोमाजी रिकामं इंजिन चालवून समोर बसला होता.

"आता काय शोधता, डोमाजीभाऊ?"

तो इंजिनाकडेच बघत बोलू लागला.

"दोन सालापूर्वी एकाच्या घरी तेरवी होती, तांदूळ नोहोते. दया आली, अमावस्येले इंजिन लावलं. सांजच्याले सगुनाले ताप भरला. चार दिवसात गेली." सगुणा त्याची बायको. "गाव म्हनते, म्या मारलं तिले. तवापासून दर अमावस्येले लावून पाह्यतो."

"मग? कधी काही झालं?"

"काईच नाई होत."

"म्हणजे तुमचा दोष नव्हताच!" मी घाईघाईनं म्हणालो. फार वाईट वाटलं मला.

त्यानं नकारार्थी मान हलवली. "खरं पाहाचं तं तेच अमावस्या पायजे, मास्तर. इंजिन बंद ठेवून. आन् सगुना घरी पायजे."