नवसाची विमानं

"बघत राहा! वर्षभरात बदनापूरचं नाव प्लास्टिकच्या विमानांसाठी निघंल!"

शटर वर करता करता भुजंगनं सगळ्या स्टेशन रोडला ऐकू जाईल अशा आवाजात हे सांगितलं, तेव्हा रोडवर एक गाढव आणि शेजारचा बदरोद्दीन एवढेच होते. गाढव निघून गेलं. बदरोद्दीनचं गाड्या रंगवायचं दुकान भिंतीला भिंत लागून, त्यामुळं त्याला जाता आलं नाही.

"भुजंगभाऊ, ये विमान उडता क्या?"

"उडत न्हाई. जोडायचं असतंय."

"जोडके क्या करते?"

"बघायचं!"

बदरोद्दीननं दुकानात नजर टाकली. माणसं आयसीयूच्या दारातून आत बघतात, तशी.

माल मात्र कोरा करकरीत होता! लढाऊ विमानं, प्रवासी विमानं, नाकावर पंखा असलेली जुनी विमानं, हेलिकॉप्टरं. सगळी सुट्या भागांत, खोक्यात बंद. शिवाय केसाएवढे ब्रश, चिमटे, बोटभर रंगाच्या बाटल्या, पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं. जालन्याच्या स्टील मिलमध्ये फिटर म्हणून हाडं झिजवून भुजंग घरी आला होता, आणि दुसऱ्या कुणी पोल्ट्री टाकली असती तिथं त्यानं हे टाकलं होतं.

कारण एकच. कल्याण. त्याचा पोरगा. वेल्डिंगचा आयटीआय होऊन तीन दुकानांतून हाकलला गेलेला, पण हात असा स्थिर, की विमानाच्या काचेची चौकट एका दमात रंगवायचा. बापानं पंख जोडावेत, पोरानं रंग द्यावा, आणि दोघांनी एकाच बाकड्यावर बसून म्हातारं व्हावं, एवढंच भुजंगचं मागणं. ते त्यानं कल्याणला कधी सांगितलं नव्हतं. आपल्याकडं बाप पोराला शिव्या मोकळ्या मनानं देतो, मनातलं सांगायचं म्हटलं की पावसापाण्याचं बोलतो.

गिऱ्हाईक येईना. जे आले त्यांना मोबाईल चार्ज करायचा होता. तरी दुकानाच्या मधोमध दोरीनं टांगलेलं चार इंजिनांचं प्रवासी विमान बघून भुजंगची छाती फुगायची. बापलेकांनी मिळून जोडलेलं पहिलं विमान!

एका दुपारी तो जेवून, घटकाभर लवंडून परत आला, तर नुसती दोरी लोंबत होती.

"चोरी! अरे, चोरी झाली!"

"चोरी काहे की?" बदरोद्दीन म्हणाला. "भाभी लेके गयी. थाली में. हळदकुंकू बी था."

भुजंग पळत घरी. पुष्पाबाई शांतपणे शेंगा फोडत बसलेल्या.

"विमान कुठंय?"

"मारुतीला वाह्यलं."

"मारुतीला? अगं, तो स्वतः उडतो! त्याला विमान कशाला?"

"आपल्या कल्याणला जर्मनीला जायचंय. एजंटाकडं कागद दिलेत त्यानं. तुमाला सांगायची त्याची छाती होईना." त्यांनी एक शेंग फोडली. "लेकरू पाहिजे असलं की पाळणा टांगत्यात. डोळे दुखले की चांदीचे डोळे वाहत्यात. मंग परदेशासाठी काय वाहू? तुमची फिटरची पेटी?"

भुजंग शेंगांच्या ढिगाशेजारीच खाली बसला. विमान गेलं याचं दुःख करावं की पोरगा चालला याचं, हेच त्याला कळेना. दोन्ही बातम्या एकाच ताटात वाढून आल्या होत्या.

तो तसाच माळावरच्या देवळात गेला. मारुतीच्या डोक्यावर, बरोबर मधोमध, त्याचं विमान लोंबकळत होतं. नाकाला शेंदूर! नीट रंग बसावा म्हणून त्या नाकाला बापलेकांनी आठवडाभर घासलं होतं!

"द्या काढून," तो पुजाऱ्याला म्हणाला.

"देवाचं झालं आता ते," राधेश्याम पुजारी म्हणाला. "अन् गुण बी आलाय. आपल्या झुंबरबाईनं आत्ताच ह्याच विमानाखाली डोकं टेकवलं, आन् पायरी उतरायच्या आत तिच्या मिथुनचा पोलंडचा व्हिसा आला!"

मिथुननं वर्षभर एजंटाच्या जिन्यावर चपला झिजवल्या होत्या, हे कुणी बोलेना. श्रेय विमानाला!

दोन दिवसांनी भुजंगनं शटर उघडलं तर दारात रांग! त्यानं घाईघाईनं खुर्ची झटकली. छंदाची किंमत कळायला गावाला वेळ लागतो, पण कळते! त्यानं पहिल्या माणसाला, पिंपळगावच्या कडूबाला, खुर्ची दिली आणि सुरू झाला.

"आधी भाग साच्यातून कापायचे. मंग घासायचे. मंग..."

"ते जाऊ द्या. हे कुठं जातंय?"

"जात न्हाई कुठं. शोपीस ए."

"जात न्हाई?" कडूबा उठलाच. "मंग आमचं पोरगं कसं जाईल?"

मागून दुसरा ओरडला, "दुबईचं कोणतं हाय? पंख्याचं चालंल का? जवळचंच ए."

"खोक्यावर एकाला बहात्तर काय लिवलंय?"

"म्हणजे खऱ्यापेक्षा बहात्तर पट लहान," भुजंगनं सांगितलं.

रांगेतली माणसं बोटं मोजायला लागली. मग कडूबानं हळूच विचारलं, "मंग पगार बी बहात्तर पट कमी पडतो का?"

तेव्हा कुठं भुजंगच्या डोक्यात उजेड पडला. आणि जो पडला तो काही सुखाचा नव्हता. त्यानं रागारागानं पाटी लावली: 'येथे नवसाला विमान मिळणार नाही.' त्या पाटीनं घात केला! दुकानदार द्यायला नाही म्हणतो म्हणजे माल खरा, असं म्हणत आष्टीपासून माणसं आली. शेवटी भुजंगनं पाटी काढली आणि तो खोकी विकायला लागला.

हसा तुम्ही खुशाल! पण ज्या जिल्ह्यात देशभराला पुरेल एवढं बियाणं तयार होतं, मोसंबीचे ट्रक भरभरून जातात, तिथं हाताला काम मागणाऱ्या पोराला 'उद्या ये' ऐकावं लागतं. रोजगार मेळावे होतात, नाही असं नाही. त्यात मंडपवाल्याला रोजगार मिळतो. अशा मेळाव्याची फीत कापणारे एक पुढारीसुद्धा काळ्या काचांच्या गाडीतून उतरले आणि भुजंगच्या कानाशी लागले, "सगळ्यात मोठं द्या. आमचा धाकटा कॅनडाला चाललाय. बोलू नका कुठं."

त्यात एकानं खोकं न उघडताच देवापुढं ठेवलं. राधेश्याम किंचाळला, "सुटं विमान? अरे, पोरगं तुकड्यात परत आणायचंय का तुला?"

झालं! त्या दिवसापासून सगळी विमानं जोडून देणं भाग पडलं. भुजंग पंख जोडायचा, कल्याण काचा रंगवायचा. एकाच बाकड्यावर, खांद्याला खांदा लावून. भुजंगला जे हवं होतं ते अगदी तसंच मिळालं होतं, आणि दोघं मिळून गावातली पोरं बाहेर पाठवत होते.

"पप्पा, सरस जरा इकडं करा."

"घे. जर्मनीत थंडी असती म्हणं."

"असती."

"स्वेटर लागंल मंग."

"लागंल."

एवढंच बोलणं. पण भुजंगसाठी ते रामायणाएवढं मोठं होतं.

मग एक दिवस झुंबरबाई दुकानात आली. मिथुनचा व्हिसा आल्यावर हौसेनं तिनंही एक विमान भुजंगकडून जोडून घेऊन मारुतीला टांगलं होतं. आज केस विस्कटलेले, आवाज चढलेला.

"मिथुन म्हनतो तिकडंच राह्यतो! घर बी बघून राह्यलाय! तुमी माझ्या विमानाला चाकं का न्हाई लावली?"

"अहो झुंबरबाई, टांगलेलं विमान म्हणजे उडतं विमान. उडताना चाकं पोटात असत्यात. बराबर तसंच करावं लागतं."

"तुमचं बराबर चुलीत घाला! चाकंच न्हाईत तर माझं लेकरू उतरंल कसं?"

भुजंग हसला. पोट धरून हसला. बदरोद्दीनला हाक मारून त्यालाही सांगितलं.

बदरोद्दीन हसला नाही. "मेरा फहीम बी सौदी में है, भाऊ," तो म्हणाला, "ईद पे बी नहीं आया," आणि पुन्हा बंपर घासायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून माणसं नुसती चाकं मागायला येऊ लागली. भुजंग सगळ्यांना समजावून सांगायचा, की बाबांनो, हा अडाणीपणा आहे. प्लास्टिकच्या चाकानं कुणाचं पोरगं परत येत नसतं.

त्याच महिन्यात कल्याणचा व्हिसा आला.

पुष्पाबाईंनी पेढे वाटले आणि पेढ्यांचा डबा रिकामा झाल्यावर न्हाणीत जाऊन नळ सोडून बसल्या. जायच्या दिवशी कल्याण दोघांच्या पाया पडला. भुजंगला काहीतरी मोठं बोलायचं होतं. तो म्हणाला, "पासपोर्ट घेतला का?"

गाडी गेली. बाकड्याची दुसरी बाजू रिकामी झाली. पंख जोडलेली विमानं बिनरंगाची साठत गेली, आंधळ्या काचांची. जर्मनीहून फोन यायचा. पहिल्यांदा रोज, मग रविवारी, मग "पप्पा, ड्युटी आहे, नंतर करतो."

एका रविवारी फोन आला नाही.

सोमवारी भुजंगनं दुकानातलं पहिल्या विमानाचं खोकं उपसलं. त्यातली न वापरलेली चाकं शोधायची होती. सापडली नाहीत! कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून त्यानं एका लढाऊ विमानाच्या खोक्यातून दोन चाकं कापली, खिशात सरस टाकला आणि भर उन्हात माळावर गेला. अशा वेळी देवळात कुणी नसतं. कुणी बघितलं असतं तर त्यानं जीव दिला असता!

राधेश्याम कोपऱ्यात घोरत होता. भुजंग स्टुलावर चढला. मधलं विमान हातानं वळवलं, आणि तिथंच थिजला.

चाकं होती! चार इंजिनवाल्याची खरीखुरी चाकं! पण पोटाला नव्हे. पाठीवर! विमानाच्या छपरावर! तीही फेविक्विकनं, सगळा रंग पांढरा धुरकट करून.

"कुणी केलं हे गाढवपण?" तो ओरडला.

राधेश्याम दचकून उठला. "ओ, ओढू नका! वहिनी येऊन गेल्या सकाळी. मीच काढून दिलं खाली. म्हटलं, वहिनी, चाकं खालून असत्यात. पण त्या एक हात डोळ्याला अन् एका हातानं चिटकवत होत्या. वर काय अन् खाली काय, त्यांना दिसतच नव्हतं!" मग तो जांभई देत म्हणाला, "तुमी कारागीर माणूस. घ्या नीट करून. न्हाईतर पोरगं उताणं यायचं."

भुजंगनं चाकाला नख लावून बघितलं. हललं नाही. कल्याणनं रंगवलेल्या काचांची चौकट अजून तशीच सरळ होती. त्यानं खिशातून सरस काढला.

"उताणं आलं तरी चालंल," तो म्हणाला, आणि लढाऊ विमानाची दोन चाकंही त्यानं छपरावरच चिकटवली.