भास्कररावांचा तुलनात्मक तक्ता

फुकटच्या वस्तूची किंमत माणसाला एकदाच मोजावी लागते, पण जबर. विकतच्या वस्तूची दरवर्षी, थोडी थोडी. म्हणून विवेकी माणूस आधी दोहोंची तुलना करतो. ही तुलना पुरेशी बारकाईने केली तर शेवटी काहीच घ्यावे लागत नाही, आणि तेवढीच बचत होते. बडोद्याचे भास्करराव दिघे या मार्गावर फार पुढे गेलेले गृहस्थ होते.

भास्करराव एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. पणजोबा संस्थानच्या दफ्तरखान्यात, आजोबाही तिथेच, त्यामुळे फाइल ही गोष्ट त्यांना शिकवावी लागली नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तीन कोटेशनांशिवाय टाचणीसुद्धा खरेदी केली नाही. (टाचण्यांचा निर्णय होईपर्यंत विभागात कागद पिठाच्या खळीने चिकटवत. त्यातले काही अजून सुटलेले नाहीत, म्हणजे खर्च वाचून कामही पक्के झाले.) लग्नाच्या वेळीही त्यांनी तीन स्थळे मागवली होती आणि वसुंधराबाई ‘अटी सर्वांत कमी’ या शेऱ्यावर मंजूर झाल्या, असे त्यांचे व्याही सांगतात. भास्करराव ते नाकारत नाहीत.

दिघ्यांच्या घरात एक जुनी हार्ड डिस्क होती. तिच्यात एकोणीस वर्षांचे फोटो होते आणि एक नऊ मिनिटांची चित्रफीत होती. त्या चित्रफितीत वसुंधराबाईंची धाकटी बहीण निरुपमा करंज्या तळते आहे. करंजी कढईत उकलते, सारण तेलभर होते आणि निरुपमा झारा हातात धरून इतकी हसते, की शेवटी तिला खाली बसावे लागते. निरुपमा चार वर्षांपूर्वी गेली. ज्या मोबाइलवर हे टिपले होते तो जुना देऊन नवा घेताना गेला, त्यामुळे ते हसू जगात दुसरीकडे कुठेही नव्हते. दर रविवारी जेवणे आटोपली की वसुंधराबाई ती चित्रफीत लावत, त्याच जागी बहिणीबरोबर हसत, डोळे पुसत आणि भांडी घासायला उठत.

मग डिस्क खरखरू लागली.

मुलगी नीरजा बंगळूरला इंजिनिअर आहे. तिने एक छोटी पेटी पाठवून दिली. हा घरचा सर्व्हर. आत दोन डिस्क, जे ठेवाल ते दोन्हींवर राहते, एक बिघडली तर दुसरी आहे. फक्त त्यात सॉफ्टवेअर घालायचे होते, आणि ते एक फुकट मिळते, एक विकत. “बाबा, दोन्ही चांगली आहेत, कुठलंही टाका,” ती फोनवर म्हणाली. “आधी मात्र जुन्या डिस्कची कॉपी काढून ठेवा. आजच.” यातले पहिले वाक्य भास्कररावांनी ‘बेजबाबदार’ आणि दुसरे ‘अनाहूत’ या शेऱ्याखाली नोंदवले आणि नवी फाइल उघडली.

पहिला पेच असा, की फुकटच्या सॉफ्टवेअरचे कोटेशन शून्य रुपयांचे होते, आणि शून्य हा दर नसून दराचा अभाव आहे. तो कमी आहे असेही म्हणता येत नाही, कारण कमी असायला आधी काहीतरी असावे लागते. शिवाय ते जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेले. बिघडले तर नोटीस कुणाच्या पत्त्यावर धाडायची? विकतच्याला पत्ता होता, पण अडतीस पानांच्या अटीही होत्या. भास्कररावांनी अडतीसही पाने वाचली. (असे करणारे ते पहिलेच गिऱ्हाईक असावेत. लिहिणाऱ्यानेही वाचली असतील असे दिसत नाही; पान अकरा आणि पान बावीस एकच आहे.) निष्कर्ष असा निघाला, की एकात जबाबदार माणूसच नाही आणि दुसऱ्यात माणूस आहे, पण तो जबाबदार नाही. गुण समान.

दुसरा पेच तिसऱ्या कोटेशनचा. दोघांत तुलना होत नाही, भांडण होते, असे भास्कररावांचे मत होते. म्हणून साठवणुकीसाठी तिसरे कोटेशन वाडीतल्या एका लोखंडी कपाटवाल्याकडून मागवण्यात आले. कपाटाने अनेक रकान्यांत बाजी मारली. वीज गेल्यास चालू राहते, दरवर्षी पैसे मागत नाही, पासवर्ड हरवला तर कुलूपवाला येतो. बारा दिवसांच्या विचारान्ती ते नाइलाजाने बाद करावे लागले, कारण त्याला इंटरनेटची वायर जोडायला जागा नव्हती.

पाचव्या महिन्यात तक्ता त्रेसष्ट रकान्यांचा झाला. रकाना सतरा, ‘घरच्या माणसांना वापरता येईल काय’, हा कोरा राहिला, कारण घरचे माणूस तेव्हा स्वयंपाक करत होते.

“हवे बस ना! पुरे आता!” वसुंधराबाई एकदा वैतागून म्हणाल्या. “डिस्क मरायला टेकली आहे. सयाजीगंजात विहंगभाईच्या दुकानात दहा मिनिटांत कॉपी होते. मी घेऊन जाते.”

“तात्पुरती व्यवस्था एकदा केली की कायमची होते,” भास्करराव शांतपणे म्हणाले. “कारखान्यात अठ्ठ्याऐंशी साली तात्पुरता पत्रा टाकला होता. अजून आहे.”

“मग राहू दे ना कायमची! मला कायमचीच हवी आहे.”

या भावनेची भास्कररावांना कदर होती. म्हणूनच निर्णय होईपर्यंत डिस्कला धक्का लागू नये यासाठी त्यांनी ती मांजरपाटाच्या पिशवीत घालून, वर लाखेची मोहोर करून कपाटात ठेवली. त्यामुळे रविवारची चित्रफीतही स्थगित झाली. वसुंधराबाईंनी विहंगभाईंना घरीच बोलावून आणले. त्यांनी तक्ता पाहिला, मोहोर पाहिली, दोनदा चष्मा पुसला. “काका, बेउ सारां छे,” म्हणजे दोन्ही चांगली, असे ते म्हणाले. “पण पहेलां कॉपी करी ल्यो ने! दस मिनिटनुं काम छे.” ज्याच्याकडे डिस्क विकायला आहेत तो कॉपी काढाच म्हणणार, हा हितसंबंध भास्कररावांच्या नजरेतून सुटला नाही. विहंगभाईंना चहा देऊन निरोप देण्यात आला.

अकराव्या महिन्यात प्रकरण प्रत्यक्ष चाचणीपर्यंत आले. कोऱ्या डिस्कवर चाचणी घ्यायला भास्कररावांनी साफ नकार दिला. एकदा कारखान्यात नमुन्याचा रंग अस्सल निघाला होता आणि आलेल्या डब्यांत निम्मे पाणी होते. तेव्हापासून चाचणी खऱ्या मालावरच, हा त्यांचा दंडक होता. पेटीतल्या दोन्ही डिस्क काढून ठेवल्या आणि जुनी डिस्क आत बसवली. कुठले सॉफ्टवेअर आधी, यासाठी देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. चित्रफीत टीव्हीवर दिसली की चाचणी उत्तीर्ण, असे ठरले.

वसुंधराबाई त्या सकाळी ठेवणीतली साडी नेसून, चष्मा लावून टीव्हीसमोर बसल्या. कितीतरी महिन्यांनी बहीण भेटणार होती. त्यांनी ताटलीत थोडे खायलाही काढून ठेवले होते, कुणासाठी ते त्यांनाच ठाऊक.

मोहोर फोडली. सॉफ्टवेअर सुरू झाले. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली; ती भास्कररावांनी मराठीत उतरवून घेतली: ‘ही डिस्क वापरण्यासाठी तिच्यावरील सर्व माहिती कायमची पुसली जाईल. पुढे जायचे?’ सूचना स्पष्ट, भाषा सौजन्याची, संदिग्धता नाही. पाचपैकी पाच गुण. त्यांनी ‘होय’ म्हटले, कारण पुढे गेल्याशिवाय चाचणी पूर्ण होत नाही आणि अपूर्ण चाचणी ग्राह्य धरता येत नाही. सॉफ्टवेअरने पुन्हा विचारले, ‘नक्की?’ खातरजमा करण्याची ही वृत्ती भास्कररावांना इतकी आवडली, की त्यांनी अर्धा गुण ज्यादा दिला आणि पुन्हा ‘होय’ म्हटले. काम नऊ सेकंदांत झाले. वेग उत्कृष्ट.

“निरू कुठाय?” वसुंधराबाईंनी विचारले.

“फोल्डर रिकामं आहे.”

“रिकामं म्हणजे? दुसऱ्या फोल्डरमध्ये बघा.”

भास्कररावांनी पाहिले. दुसरे फोल्डर नव्हते. आपण काय वाचले, काय उतरवून घेतले आणि कशाला गुण दिले, हे सगळे एकदम ध्यानात येऊन त्यांना बायकोकडे बघवेना. चौतीस वर्षांत त्यांना एवढी लाज वाटली नव्हती. तिचा हात धरावा असे त्यांच्या मनात आले, पण हातात पेन होते, आणि समोर दुसऱ्या सॉफ्टवेअरचा रकाना कोरा होता. समान संधी म्हणून त्याच डिस्कवर दुसऱ्याचीही चाचणी घेण्यात आली. त्यालाही चित्रफीत दाखवता आली नाही. रकाना त्रेसष्ट, दोघांनाही शून्य.

विहंगभाईंनी आठ दिवस खटपट केली. नवव्या दिवशी ते डिस्क घेऊन स्वतः आले आणि वसुंधराबाईंना म्हणाले, “माफ करजो, काकी. कांई न नीकळ्युं.” त्यांनी मजुरी घेतली नाही. (बिलाअभावी ही नोंद फाइलला लावता आलेली नाही.)

बातमी सोसायटीत पसरली आणि लोक येऊ लागले. शेजारी आले, कारखान्यातले जुने सहकारी आले, व्याही आले. महिन्याभरात तेवीस जण झाले. (आकडा वसुंधराबाईंचा, कप त्यांनी विसळले.) प्रत्येकजण चहाचा घोट घेई, हळहळे आणि मग खुर्ची पुढे ओढून आवाज उतरवून एकच विचारी, “पण भास्करराव, पुसलं कुणी? फुकटच्यानं की विकतच्यानं?” भास्करराव खाली मान घालून म्हणत, “मी.” लोकांना वाटे, गृहस्थ गोपनीयता पाळताहेत. मग ते तक्त्याची प्रत मागत, मोबाइलवर तिचा फोटो काढत आणि समाधानाने घरी जात. डिस्कमध्ये काय होते, हे तेविसांतल्या एकानेही वसुंधराबाईंना विचारले नाही.

वाचकांना ते आधीच ठाऊक असल्याने त्यांनी विचारण्याचा प्रश्न येत नाही. त्यांची शंका आहे ती वेगळी, आणि ती गेले अर्धे पान त्यांच्या ओठांवर आहे: चिठ्ठी आधी कुणाची निघाली होती? शंका रास्त आहे. दिघ्यांच्या घराचा दरवाजा उघडाच असतो. चोविसावा कप वसुंधराबाईंनी काढून ठेवला आहे.