सभागृहात कृपया खोकावे

पियानो शिकवणाऱ्या बाईंकडे सहा विद्यार्थी उरले होते, आणि त्यांतले तीन कुंपणावर बसलेले होते. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत कोणीतरी शिंकलं आणि एकामागोमाग चौघांची बोटं गोठली. तेव्हापासून पालक समोरच्या मोठ्या अकादमीकडे डोळे लावून होते. यंदाही फजिती झाली, तर पियानोवर पांघरूण घालावं लागणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं.

म्हणून त्यांनी एआयला विचारलं, "स्टेजची भीती कशी घालवू?"

सभागृहात जे जे होतं ते सरावातच ऐकवा, असं एआयने सुचवलं आणि लगेच कामाला लागलं. चार प्रकारचे खोकले, करकरणाऱ्या खुर्च्या, रडणारं बाळ, शिवाय फोनवर "मी कार्यक्रमात आहे!" असं ओरडणारे एक गृहस्थ. प्रत्येकाचं वादन ऐकून, नेमकी अवघड जागा आली की एआय तिथेच खोकायचं.

पहिल्या आठवड्यात रडारड झाली. तिसऱ्या आठवड्यात नऊ वर्षांची पिटुकली बाळाच्या किंकाळीवर ठेका धरू लागली. सगळ्यांत थोरले विद्यार्थी म्हणजे दातांचे डॉक्टर. ते म्हणाले, "बाई, काल फोनवाले काका आले नाहीत. चुकल्याचुकल्यासारखं झालं हो."

बाई धन्य झाल्या.

बाईंचे यजमान निवृत्त ग्रंथपाल. बत्तीस वर्षं त्यांनी नुसत्या भुवईने माणसं गप्प केली होती. "दाराची व्यवस्था माझ्यावर सोड," ते म्हणाले. "गेल्या वर्षीसारखं होऊ देणार नाही."

आणि खरंच होऊ दिलं नाही. दारातच त्यांनी सगळ्यांचे फोन काढून घेतले, बदल्यात नंबराच्या चिठ्ठ्या दिल्या. खोकणाऱ्यांना गोळ्या चघळायला दिल्या, करकरणाऱ्या खुर्च्या बाहेर काढल्या. एका बाळाची मावशीसकट बाहेर रवानगी झाली.

पिटुकली पियानोपाशी बसली. दोन ओळी सुरेख वाजल्या. अवघड जागा आली आणि ती थांबली. तिने वाट पाहिली. मग विंगेकडे वळून विचारलं, "बाई, कोणी आलंच नाही का?"

"अगं, सगळं भरलंय!"

"मग खोकत का नाहीत?"

डॉक्टर विंगेत पांढरे पडले होते. "बाई, एवढ्या शांततेत मला दाढसुद्धा काढता येणार नाही."

बाई मागच्या दाराने यजमानांकडे धावल्या. "अहो, माझा फोन द्या. आवाज त्यात आहेत!"

"कपाटात आहे. कुलूप लावलंय. किल्ली व्यवस्थापकांकडे, आणि ते चहाला गेलेत. नियम म्हणजे नियम."

बाई तडक मंचावर गेल्या. "रसिकहो, कृपया खोका."

कोणी खोकेना. सगळ्यांच्या तोंडात गोळ्या आणि दारात ती भुवई.

"अहो," बाई मंचावरूनच म्हणाल्या, "आधी तुम्ही."

"मी? चारचौघांत?"

"पोरीकडे बघा जरा."

पिटुकलीचा खालचा ओठ थरथरत होता. यजमानांनी डोळे मिटले आणि ते एकसुरात एकदा खोकले. पिटुकलीचा चेहरा उजळला, बोटं धावू लागली. मग काय, धरणच फुटलं! पहिल्या रांगेने खोकला सांभाळला, दुसरीने खुर्च्या सरकवण्याचं काम. मावशी बाळाला सन्मानाने आत घेऊन आली. डॉक्टरांच्या वेळी, त्यांनी विंगेतून पढवलेले त्यांचेच एक पेशंट रिकामा हात कानाला लावून उभे राहिले आणि ओरडले, "मी कार्यक्रमात आहे!" डॉक्टरांनी तो तुकडा असा वाजवला, की पेशंटला दुखणं आठवेना.

पालकांनी पुढच्या वर्षाची नावं तिथेच नोंदवली. अकादमीतून ऐकायला आलेल्या दोघांनी हळूच बाईंचा पत्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सभागृहाने केलेलं ध्वनिमुद्रण एआयला ऐकवलं. अभिप्राय त्यांनी मोठ्याने वाचला. "सर्वांचं वादन आत्मविश्वासपूर्ण. मात्र दाराजवळचा पहिला खोकला अवघडलेला आणि भावनाशून्य वाटतो. रोज वीस मिनिटं सराव हवा."

यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "यंत्राला खोकल्यातलं काय कळतंय!" असं म्हणून ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

जरा वेळाने आतून एक दबका आवाज आला. मग आणखी एक.

बाईंना राहवेना. "अहो, मोकळ्या गळ्यानं!" त्यांनी बाहेरूनच सांगितलं. "आणि पाठ ताठ ठेवा."