नरेशचा मळका आवाज

एप्रिलमध्ये सोलापुरातली माणसं बनियनवर बसतात. आमच्या शेजारचा नरेश मात्र त्या उन्हात चादरीचा शर्ट घालून फिरतो. चादरीचा म्हणजे खरोखरच्या, पांघरायच्या सोलापुरी चादरीचा. वडिलांच्या यंत्रमागावर विणलेली शेवटची चादर घेऊन तो टेलरकडे गेला. टेलर म्हणाला, "सुई मोडंल." मोडली म्हणे. शर्टाच्या पाठीवर अर्धं कमळ आहे आणि उरलेलं अर्धं खिशावर.

"उकडत नाही का रे?" मी विचारलं.

"उकडतंय की काका. पण आमच्या म्युझिकला जाडच शर्ट लागतोय."

हे म्युझिक म्हणजे ग्रंज. तिकडे अमेरिकेत तीसेक वर्षांपूर्वी पोरं असं खरखरीत वाजवायची आणि घसा फाडून गायची. पुढे ते मागे पडलं. ते परत आणायचं काम आमच्या गल्लीतल्या तीन पोरांनी अंगावर घेतलंय. नरेश गिटार वाजवतो आणि गातो, शरणू बेस गिटार धरतो, इरफान ड्रम बडवतो. बँडचं नाव 'भंगार'. आम्ही शेजारी आधीपासून तेच म्हणत होतो, त्यामुळे नाव ऐकून कुणाला धक्का बसला नाही.

नरेशला एकच ध्यास. आवाज मळका पाहिजे. एकदा मी मोठ्या मनाने म्हटलं, "आज जरा बरं वाजलं रे." त्याचा चेहराच पडला. आत जाऊन ओरडला, "इरफान, लई स्वच्छ वाजायलंय बघ! काकांना आवडलं!" दुसऱ्या दिवशी त्याने स्पीकरच्या कागदाला ब्लेडने चिरा पाडल्या. इरफानचा ठेकाही एकच, खटॅक-खट, खटॅक-खट. त्याने जरा नक्षीकाम केलं की नरेश गिटार थांबवून त्याच्यावर खेकसतो.

हे सगळं चालायचं माझ्या भिंतीला लागून, नरेशच्या वडिलांच्या रिकाम्या शेडमध्ये. तिथले माग मागच्या वर्षी विकले गेले. वेळ दुपारची, तीनची. मी निवृत्त माणूस. दुपारची झोप सोडली तर देवाने माझ्यासाठी फारसं काही राखून ठेवलेलं नाही.

शेवटी गल्लीने ठरवलं, सोमवारपासून हे बंद, नाहीतर पोलीस. कोपऱ्यावरचे अप्पा पुढारी. निरोप्या मी, कारण नरेश मला मानतो. मीही रिकाम्या हाताने गेलो नाही. माझ्या मेव्हण्याचं चिंचोळी एमआयडीसीत एक गोडाऊन पडून आहे. तो फुकट द्यायला तयार होता. शेजारीपाजारी कुणी नाही, हवं तेवढं बोंबला.

"नको काका," नरेश म्हणाला. "हितंच वाजवणार."

"अरे, मग कायमचं बंद पडेल!"

"हितं नाय तर कुटंच नाय."

कारण काही सांगेना. माझं डोकं सणकलं. म्हटलं, आता याच्या वडिलांनाच सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी सापडले नाहीत, तेव्हा ऐन वाजवणं चालू असताना तणतणत शेडमध्ये शिरलो.

आत कानठळ्या बसत होत्या. फरशीवर मागांच्या तेलाचे डाग अजून होते. त्या डागांच्या मधोमध खाट, आणि खाटेवर नरेशचे वडील, नान्ना, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. घोरतही असावेत, ऐकू यायची सोय नव्हती.

मला बघून इरफानचे हात थांबले. गिटारही थांबली. त्याबरोबर नान्ना दचकून उठून बसले.

"करंट पोयिंदा रा?"

वीज गेली का, असं विचारत होते. इतक्या वर्षांच्या शेजारात तेवढं तेलुगू मलाही कळतं.

नरेश धावला. त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "वच्चिंदि नान्ना. पडुको." आली वीज, झोपा. त्याने इरफानला खूण केली. खटॅक-खट सुरू झालं. नान्ना कुशीवर वळले आणि पुन्हा झोपले.

नरेशने मला बाहेर पायरीवर आणलं. "माग गेल्यापास्नं झोपच न्हाय त्यांना, काका. रातभर बसून असायचे. गोळ्या झाल्या, सगळं झालं. एक दिवस आमी वाजवायलाव, बघतो तर दाराला टेकून झोपलेत! स्वच्छ वाजवलं की उठतात. आता चिंचोळीला खाट नेऊ काय त्यांची?"

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

तो शर्टाचं बटण पिळत राहिला. "बापाला झोपवायला वाजवतोय म्हटलं तर बँडची काय इज्जत ऱ्हाते, काका?"

 जाड शर्टात घामाने निथळणारं ते पोरगं मला फार आवडलं.

कोपऱ्यावर अप्पा वाटच बघत होते. त्यांची उमर गिरणीत माग दुरुस्त करण्यात गेलेली.

"सांगितलं का? सोमवारपास्नं बंद ना?"

मी त्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "अप्पा, अख्ख्या गल्लीत एकच माग चालू राहिलाय. तेवढा राहू द्या."

 अप्पांनी मान कलती करून शेडकडे कान दिला.

"जरा सैल चालायलाय," ते म्हणाले. "पट्टा आवळायला सांगा त्या पोराला."